सत्तर भागिले पस्तीस

सकाळी चहाच्या आधी माझी बायको भिंतीतल्या सॉकेटात मीटरच्या दोन काड्या घालून बघायची. बाकीच्या बाया तुळशीला पाणी घालतात, ही व्होल्ट बघायची. "आज दोनशे दहा. बरं हाय," म्हणायची आणि मग चुलीकडं वळायची. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, पोरगी जरा येडी दिलीय.

तिचं नाव कमल. तेर गावाच्या अलीकडं रानात आमची वस्ती. मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या पाणमोटारीची तार काढून नवी गुंडाळतो. शिकलो चौथी. काम हाताला कळतं, पण भागाकार आला की डोकं बंद पडतं. कमल दहावी झालेली. मी मीटरवरचे आकडे ओरडायचो आणि ती चूल फुंकता फुंकता उत्तर द्यायची. म्हणायची, "व्होल्टाला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट. एवढंच हाय वो, बाकी समदं नखरं." माझ्यावर चिडली की म्हणायची, "तुमचा रोध लई हाय. किती बी ढकला, आत काय जात न्हाय."

एकदा एक जण पाणी तापवायची कॉईल घेऊन भांडायला आला. म्हणाला, निम्म्या व्होल्टावर निम्मं तरी तापायला पाहिजे, पाणी कोमटसुद्धा होत नाही. कमल म्हणाली, "दादा, ढकलणारं निम्मं झालं की जाणारं बी निम्मंच. निम्म्याचं निम्मं किती? चौथाई. कॉईल चांगली हाय, तुमची लाईट आजारी हाय." तो हसत गेला. जाताना चहा पिऊन गेला.

मग तीच आजारी पडली. फुप्फुसं गेली. धाराशिवच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. मशीन आलं तेव्हा तिनं आधी त्याच्या मागची पाटी वाचली. "साडंतीनशे वॅट. लई न्हाय खात," म्हणाली, जसं काही नवीन म्हैसच घरी आली होती.

खात नव्हतंच. पण शेतीची लाईट आली, मोटारी चालू झाल्या की आमच्या घरातले व्होल्ट पडायचे. आमची वस्ती लाईनीच्या शेवटाला. स्टॅबिलायझर थोडा वेळ घुरघुरायचा आणि कट व्हायचा. मशीन बंद. मग सिलिंडर लावायचा, तो संपला की धाराशिवला पळायचं.

एक दिवस ती म्हणाली, "डीपीपाशी जावा. काय मरतंय ते बघू तरी." मी ट्रान्सफॉर्मरपाशी गेलो, अँपिअर दाखवणारा चिमटा मीटर आमच्या वस्तीच्या तारेला लावला आणि फोनवर ओरडलो.

"इथं दोनशे वीस!"

"घरात दीडशे. चिमटा?"

"पस्तीस!"

फोनवर तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "सत्तर वाटंतच गेलं. सत्तर भागिले पस्तीस, दोन. तारंचा रोध दोन हाय. जुनी, बारीक, जागोजागी जोडल्याली." पुन्हा दम घेतला. "आन सत्तर गुणिले पस्तीस, अडीच हजार वॅटला थोडं कमी. माझ्यासारख्या सात जणींच्या मशिनी चालल्या असत्या. ते समदं चिमण्यांचं पाय शेकायला जातंय." आणि हसली. हसली की खोकला यायचा.

शेजारचा भानुदास भला माणूस. मी नुसतं सांगितलं, त्यानं मोटार बंद केली. चार दिवस केली. त्याचा कांदा माना टाकायला लागला. कमलनं खिडकीतून बघितलं आणि त्याला हाक मारली. "भान्या, मोटार चालू कर."

"असू द्या काकू."

"काय असू द्या? तुझा कांदा वाळवून मी किती दिस श्वास घ्यायचा?"

ती मोटार मीच भरलेली. चालू झाली तसा आवाज ओळखला. गुळगुळीत चालली होती. माझ्या हातच्या सगळ्या मोटारी चांगल्या चालतात आणि त्या चांगल्या चालल्या की माझ्या घरातलं मशीन बंद पडायचं. सांगा, काय करायचं मी?

लाईटीच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाला तिचा हिशेब तोंडानं सांगितला. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, हिशेब बरोबर आहे. पण तार शिल्लक नाही." त्याला शिव्या देता आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कमल दुपारी गेली. लाईट होती. मीटर बघितला तर एकशे पंचेचाळीस. शेवटचा सिलिंडर संपला होता आणि दुसरा आणायला गेलेला भानुदास वाटेत होता. मी मशीनवर हात ठेवून बसलो होतो, जसं काही माझ्या हातानं चालू होणार होतं. लोक म्हणतात, देवानं नेली. मी म्हणतो, वायरीनं नेली. लोकांना ते बरं वाटत नाही.

तेरावा झाला आणि नवी तार आली. जाड, चकचकीत. पोरं खांबावर चढली, दिवसात काम झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मोटारी चालू असताना मी डीपीपाशी जाऊन आलो. तिथं दोनशे वीस, पस्तीस अँपिअर. घरी येऊन सॉकेटात काड्या घातल्या. दोनशे दहा.

म्हणजे दहा भागिले पस्तीस. छोट्याला मोठ्यानं भागायचं. मला येत नाही. भानुदासची सून शिकलेली आहे, तिला विचारलं तर लगेच सांगेल.

विचारलं नाही. सकाळी व्होल्ट बघतो, आकडा मोठ्यानं ओरडतो आणि चूल पेटवतो.