आईला निजवून नेणारी गाडी

आमच्या धाकट्या दिरांची जुनी व्हॅन निरगुडसरच्या घरामागं चिंचेखाली उभी होती. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून ती वर्षानुवर्षं मुंबईच्या मार्केटला गेली. मग दिरांनी नवा पिकअप घेतला आणि व्हॅन कोंबड्यांना मिळाली. ड्रायव्हरच्या सीटवर एक खुडूक कोंबडी कायम ठाण मांडून असायची. ती व्हॅन मी मागितली, तेव्हा सगळं घर हसलं.

"न्यायची तर न्या वैनी," दीर म्हणाले, "पण मागनं काय अडलं-नडलं तर मला इचारायचं न्हाई."

"नाही विचारणार," मी म्हणाले. माझा स्वभावच तसा. तोंडातून एकदा गेलं की गेलं, मग जीव गेला तरी माघार नाही.

गाडी हवी होती आईसाठी. आई बोरी बुद्रुकला माझ्या भावाकडं राहायची. विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि मणक्याला मार बसला, तेव्हापासून तिला फार वेळ बसवत नसे. डॉक्टर म्हणाले होते, "आडवं पडून कुठंही जा, बसून नको." आता आडवं पडून एसटीत कोण घेणार? आणि तिची सख्खी धाकटी बहीण, माझी मावशी, पार भिलाईला. मावशीचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं तिला घर सोडता येत नव्हतं. इकडची निघू शकत नव्हती, तिकडची हलू शकत नव्हती. वीस वर्षं दोघींची भेट नव्हती. मावशीचा फोन आला की आई नुसती "हं, हं" करायची आणि ठेवल्यावर पदरानं रिसीव्हर पुसायची. मला ते बघवत नसे. म्हणून मी ठरवलं, आईला निजवून न्यायचं.

आठवडाभर व्हॅन धुतली. कोंबड्यांची घाण खरवडता खरवडता माझी नखं झिजली, पण मजा आली. हे, म्हणजे माझे यजमान, खाली झोपून नटबोल्ट आवळायचे आणि वरून मी सूचना करायची. खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे लावले, मागं पाण्याचा ड्रम बांधला, स्टोव्हला कोपऱ्यात जागा केली. सीटला नवं कव्हर घातलं त्याच दुपारी खुडूक कोंबडी पुन्हा तिथं येऊन बसली. ह्यांनी तिला हाकलून दिलं नाही. म्हणाले, "बसू दे, पहिला हक्क तिचा."

खाटेसाठी जुन्नरला गेलो. जुन्या बाजाराच्या गल्लीत गाद्या आणि गाड्यांची कुशनं करणारे एक चाचा होते. मी आईला मापासाठी घेऊन येते म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. "आक्कांना कशाला तरास? त्या जिच्यावर निजत्यात ती गोधडी आना."

गोधडी नेली. चाचांनी ती दुकानात अंथरली आणि डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवला. कुठं दबलीय, कुठं विरलीय, सगळं बघितलं. "डाव्या कुशीवर निजत्यात. उजवा गुडगा पोटाशी घेत्यात. बराबर?" मी तिची पोटची पोर, पण मला हे सांगता आलं नसतं. त्यांनी ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या विणून खाट केली आणि आईच्या कुशीला जिथं खळगा लागतो तिथं कापूस कमी भरून गादी शिवली. मग म्हणाले, "आदी मी निजून बघनार."

हे गाडी चालवायला, मी पुढं, चाचा मागं खाटेवर. जुन्नरमधून बाहेर पडेपर्यंत मागून "या अल्ला, हळू" असं चाललं होतं. पुढं तेही बंद झालं. गाडी थांबवून मागचं दार उघडलं, तर चाचा दोन्ही हातांनी टोपी धरून बसलेले. म्हणाले, "बाई, निकाच्या दिशी घोड्यावर बी मी एवढा उडालो नव्हतो." आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसलो.

पण काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तीन वेळा खाट सोडली, तीन वेळा बांधली. पट्ट्या ढिल्या केल्या, ताणल्या, दुसरी गादी टाकली. चाचा म्हणायचे, आता थोडं बरंय. शेवटी बोरीला जाऊन आईला झोपवलं आणि आळेफाट्याच्या रस्त्याला निघालो. जेमतेम गाव ओलांडलं असेल. मागं वळून बघितलं तर आईनं पदर दातांत धरलेला आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी.

"माघारी घ्या," ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं."

माझं डोकं फिरलं. ह्यांच्यावर चिडले, रस्त्यावर चिडले, बिचाऱ्या चाचांना फोनवर नाही नाही ते बोलले. हे हळूच म्हणाले, "धाकट्याला विचारू या का? त्यानं ती गाडी..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

आता पंचाईत वेगळीच होती. आम्ही जाणार ही बातमी दोन्ही गावांत केव्हाच पसरलेली. आमच्याकडं रिकाम्या हातानं कुणी कुणाकडं जात नाही, शेतात पिकलेलं काहीतरी वानोळा म्हणून न्यायचंच. आणि जाणारी गाडी मोठी दिसली की सगळ्या गावाचा वानोळा तिच्यात. कुणाची लेक नगरला दिलेली, कुणाचा मुलगा अमरावतीला नोकरीला, कुणाची नणंद नागपूरला. बाजरीची पोती, बटाटे, कांदे, भुईमुगाच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या घरी येऊन पडल्या होत्या. आईनं एकालाही नाही म्हटलं नव्हतं, मीही नाही. आता परत कुठल्या तोंडानं द्यायचं? शेवटी ठरलं, आम्ही दोघांनीच जायचं, सगळ्यांचा वानोळा पोचवायचा आणि आईचा निरोप मावशीला सांगायचा.

निघायच्या सकाळी निरगुडसरला पोती भरली. खाटेखाली, खाटेच्या बाजूनं, सीटमागं. गाडी चांगली वीतभर खाली बसली. आळेफाट्याला दिरांचं काम होतं म्हणून ते ह्यांच्याशेजारी पुढं बसले. आईचा वानोळा घ्यायला आधी बोरीला जायचं होतं. मी कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. मागं जाऊन आईच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. रडू आवरत नव्हतं.

मला जाग आली ती बोरीत, आईच्या दारात. दीर मागचं दार उघडून उभे होते.

"लई गाढ झोपला व्हता, वैनी."

मी उठून बसले. डोळे चोळले. मग माझ्या लक्षात आलं. निरगुडसर ते बोरी मी झोपले होते. त्याच खाटेवर, त्याच रस्त्यांनी.

"भाऊजी, आज गाडी उडाली नाही?"

"माल भरलाय की. खालचे स्प्रिंगचे पाटे दबल्याबिगर मालाची गाडी मऊ चालत्ये व्हय? रिकामी उडनारच."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं का?"

मी तिथंच कपाळाला हात लावला. हे दुसरीकडं बघून हसत होते. मग मीही हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. आईला उचलून खाटेवर ठेवलं, आळेफाट्यापर्यंत नेलं. ती डाव्या कुशीवर वळली, उजवा गुडघा पोटाशी घेतला आणि पडद्यातून बाहेर बघत राहिली. पदर खांद्यावरच होता. फाट्यावर उतरताना दिरांनी मला बजावलं, "जेवडं उतरवाल तेवडं भरून घ्या. न्हाईच मिळालं तर दगडं भरा."

दगड लागले नाहीत. नगरला बाजरी उतरवली तर त्यांनी ज्वारी चढवली. अमरावतीकरांनी तूरडाळ दिली. नागपूरला संत्र्याची पोती अशी भरली की ह्यांना गिअर टाकायला जागा उरेना. आमच्यासारखीच माणसं ती, गाडी रिकामी कोण जाऊ देणार? आईला मात्र रस्ताभर तोच घोर. गाडी थांबली की मागून आवाज यायचा, "भरलं का गं?"

चौथ्या दिवशी भिलाईला पोचलो. मावशी दारातच उभी होती. आईला उतरवायची तिनं वाटच बघितली नाही, वाकून तशीच गाडीत चढली आणि खाटेच्या कडेला बसून आईच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. आम्ही दोघं उगीच पोती उतरवायला लागलो.

आईचं लक्ष होतंच. "आवं, ती शेवटची चार पोती राहू द्या," ती आतून म्हणाली. "ती उतरवली तर मी माघारी कशी जायची?"

"मंग आदी तीच उतरवा," मावशी म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.