काळजीवाहू गणित

मावळ तालुक्यात जेवढी म्हणून काळजी करण्यासारखी आहे, तेवढी सगळी एकट्या आमच्या गणिताच्या बाई करतात, अशी माझी पक्की समजूत आहे. वडगावच्या शाळेत मी मराठी शिकवतो आणि त्या गणित शिकवायच्या. वर्ग दंगा करत असला तर त्यांना काळजी वाटे आणि शांत असला तर जास्त. उत्तरपत्रिका त्या कधी उपाशीपोटी तपासत नसत, कारण "भुकेल्या माणसाचा हात आखडता असतो, सर." जेवल्यावर तपासत, मग हात सैल पडला की काय या शंकेने चहानंतर पुन्हा तपासत, आणि नाव दिसू नये म्हणून वरचा कोपरा तळव्याखाली झाकून ठेवत. पालीला तर त्या इतक्या भीत, की फळ्यामागे काही सळसळलं तर प्रमेय अर्धं सोडून दारात जाऊन उभ्या राहत.

अशा बाईंच्या नववीच्या वर्गात आंबी गावाहून सायली यायची. पोरगी हुशार, पण मनात कधी काय उसळेल याचा नेम नसे. आत्ता गणित सोडवत असे आणि पुढच्या क्षणी वही भिरकावून बाकाखाली जाऊन बसे. तिची आजी एकदा शाळेत आली तेव्हा म्हणाली, "घरी बी अशीच करती, बाई. आदी लय देवधर्म केला. आता पुण्याला डाक्टरकडं नेतोय. वाईट न्हाई हो पोर." बाईंनी आजीला पाणी दिलं आणि स्वतःच दोन पेले प्यायल्या.

वार्षिक परीक्षेत भूमितीच्या पेपरला सायलीने उत्तरपत्रिका टराटरा फाडली आणि जिन्याखालच्या अडगळीत शिरली. मी धावत गेलो, तर बाई कडक इस्त्रीच्या साडीत तिथेच फरशीवर बसलेल्या.

"आत पाल आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"हाय," आतून आवाज आला.

"मग तू बाहेर येतेस, का मी आत येऊ?"

बाईंनी पदर खोचला, डोळे मिटले आणि गुडघ्यांवर आत सरकायला लागल्या. तेव्हा आतून घाईघाईने उत्तर आलं, "तुमी नका येऊ. तुमी भ्याल. मीच येते."

खरा घोर पुढेच होता. मुख्याध्यापक म्हणाले, फाडलेल्या पेपरला शून्य. स्टाफरूममधले बाकीचे म्हणाले, पासापुरते देऊन टाका, कशाला डोक्याला ताप. बाईंना दोन्ही पटेना. "तिला गणित येतं, मग शून्य कशाचं देऊ? रागाचं? आणि फुकट दिले तर तिला कळणार. त्या मुलीला सगळं कळतं." वेगळ्या खोलीत, मधे मधे थांबत, नवा पेपर घेऊ द्या, असं त्या मुख्याध्यापकांना तीनतीनदा विनवत राहिल्या. शेवटी ते म्हणाले, "घ्या. पण जबाबदारी तुमची." त्या शब्दाने बाईंचं जेवणच उडालं.

परीक्षा झाली. सायलीने एक पेन्सिल मोडली, दोनदा उठून मैदानाला चक्कर मारली, परत येऊन वर्तुळ पुरं केलं. बाईंनी पेपर तपासला, मग स्वतःवर भरवसा नाही म्हणून नाव झाकून दुसऱ्या सरांकडून तपासून घेतला. त्या सरांनी एक गुण कमी दिला. बाईंनी तोच आकडा धरला.

निकालाच्या दिवशी सायली त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाई, हे गुण खरे हायेत का?"

"खरे आहेत. चौथ्या प्रश्नात चुकलीस, तिथे कापलेत."

कापलेत म्हटल्यावर पोरीचा चेहरा निवळला. गुणपत्रक तिने न चुरगाळता दप्तरात ठेवलं.

त्या जूनमध्ये बाईंची बदली संस्थेच्या लोणावळ्याच्या शाळेत झाली. सायली काही बरी झालेली नाही. अजून चिडते, वर्गातून उठून जाते. बाई फोन करून विचारतात, आली होती का, डबा खाल्ला का, औषध चालू आहे का, दहावीला वेगळ्या खोलीची परवानगी मिळेल का. परवा मी सांगितलं, "आज चिडली होती, पण अडगळीत गेली नाही. स्टाफरूममध्ये आली, तुमच्या जुन्या खुर्चीत बसून राहिली, आणि शांत झाल्यावर आपली आपण वर्गात गेली."

त्या हळूच म्हणाल्या, "आपली आपण गेली?"

"हो."

पुढे त्यांनी काहीच विचारलं नाही. फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही.