सातच्या पाढ्यातला खोकला

माझ्या धाकट्या दिरासारखा मोठ्या आवाजाचा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही, आणि घरात ठेवायचा असेल तर होऊही नये. इतवारीत आमच्या घरासमोरच्या शाळेत ते पहिलीचे मास्तर होते. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एका मयतीत शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "कधी उचलतात जी?" तर बाहेर विड्या ओढत बसलेले चौघे धावत आत आले. पारशिवनीला भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तिथे मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, पोरगी चांगली हाये, पण पोहे खारट झाले." लगेच आतून दुसऱ्या बशा आल्या. लग्न त्यांनी केलं नाही. झोपेतही पाढे म्हणणाऱ्या माणसाजवळ कोणती बाई टिकली असती? जेवायला आमच्याकडेच असत.

वर्गात ते पाढे सांगू लागले की खिडकीखालचे हमालही पोती वाहता वाहता म्हणत. एकदा एकाने खालून हाक मारली, "ओ मास्तर, सात सत्ते किती म्हनले? टेम्पोनं हार्न मारला मंधात!" भाऊजींनी शिकवणं थांबवून पाढा पहिल्यापासून पुन्हा म्हटला. हमालासाठी. फुकट.

मग तो खोकला आला. आम्ही म्हटलं, खडूचा असेल. सातच्या पाढ्याला तो हमखास यायचा, 'सात त्रिक एकवीस' झालं की. मास्तर म्हणतात तसं म्हणायचं, एवढंच पोरांना माहीत. तीही सगळी तिथे थांबून दोनदा खोकायची आणि पुढे जायची. तपासणीला साहेब आले. त्यांनी सातचा पाढा म्हणायला सांगितला, आणि अख्खा वर्ग एकदम खोकला. साहेब दचकून मागे सरले. "काय हो, साथ आली आहे का इथे?" माझी धाकटी मुलगी त्याच वर्गात होती. ती उभी राहून म्हणाली, "नाही साहेब, तो पाढ्यातच हाये." गल्ली कित्येक दिवस हसत होती. मीही हसले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि सांगितलं, ताबडतोब कापावं लागेल, आवाज जाईल, पण माणूस राहील. भाऊजी घरी येऊन म्हणतात, "परीक्षा झाली का जातो. पोरं आत्ता कुठी पाढ्यावर आले. मी नसलो तं सारं इसरतीन."

"काहून जी भाऊजी, मेल्यावर परीक्षा घेता का?" मी ओरडले.

तर मलाच म्हणाले, "वयनी, हळू बोला. पोरं आयकतीन."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणाला हळू बोलायला सांगितलं, तेही असल्या गोष्टीसाठी. याला कोणी निष्ठा म्हणो. मी तेव्हाही मूर्खपणा म्हटलं आणि आजही तेच म्हणते.

परीक्षा झाली. सगळी पोरं पास झाली. मग घसा कापला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आवाजही गेला आणि माणूसही राहणार नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा ते आमच्या ओसरीवर बसून असत, गळ्याला फडकं बांधून. समोर दुसरीच्या वर्गात त्यांचीच पोरं पाढे म्हणायची. सातचा आला. एकवीस झालं आणि पोरं खोकली. भाऊजी ताडकन उठले, रस्ता ओलांडून वर्गात गेले. मागून मी गेले. फळ्यावर पाढा लिहिलेला होता. त्यांनी पोरांकडे पाहून हात हलवला, नाही, नाही, आणि एकवीस आणि अठ्ठावीसच्या मधल्या जागेत बोटाने पुसू लागले. तिथे काही नव्हतंच. खोकला फळ्यावर कधी लिहिलेला नव्हता, तो पुसणार कुठून? पोरांना वाटलं, मास्तर पुन्हा म्हणायला सांगतात. त्यांनी आणखी जोरात म्हटला, खोकल्यासकट.

त्यांना हाताला धरून मी घरी आणलं. पोळ्याच्या आधीच ते गेले. उचलताना सगळे कसे हळू बोलत होते.

धाकटीचा मुलगा आता सुट्टीत येतो. तिनेच त्याला पाढे शिकवले. "एकवीसपाशी थांबून खोकतो, याले औषध द्या ना," माझी सून म्हणते. तो खोकतो तेव्हा भाजी चिरता चिरता माझा हात तेवढा थांबतो. मग अठ्ठावीस होतात.