मधलं सगळं धरून

आमच्या कचेरीत सलगराव नावाचं एक प्रस्थ होतं. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण "सगळं सलग पाहिजे" हे त्याचं पालुपद. पगार भारी, खुर्ची खिडकीपाशी, आणि समोरच्याचं ऐकून घेणं म्हणजे उपकार, असा चेहरा. त्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम. त्यामुळे मला कामाची ददात कधीच पडली नाही.

हा गृहस्थ कशाचंही पहिलं आणि शेवटचं तेवढं बघायचा. मीटिंगच्या सुरुवातीला तोंड दाखवायचा, उठायच्या वेळी पुन्हा उगवायचा, आणि मध्ये काय ठरलं ते वर आम्हालाच शिकवायचा. एकट्या राहणाऱ्या वडिलांनाही महिन्याच्या पहिल्या तारखेला एक फोन, अखेरीला एक. "दोन्ही वेळा ठणठणीत असतात. मध्ये काय व्हायचंय?" असं वर तोंड करून सांगायचा.

आमची कंपनी थंड पेटीतून औषधं घरपोच देते. कुठे देते, ते पोस्टाच्या कोडवरून ठरतं. के ११, के १२ अशी अक्षर-आकड्यांची मारुतीच्या शेपटासारखी यादी. लागोपाठचे कोड एकत्र करून तिचे पट्टे करायचं काम सलगरावाकडे आलं. कोड क्रमाने लावायचे आणि एकेक बघत जायचं. पुढचा आकडा एकानेच मोठा असेल तर पट्टा वाढवायचा, खंड पडला की तो बंद करून नवा सुरू करायचा. एवढंच. पण एवढाही धीर कुणाला? याने प्रत्येक अक्षराचा सगळ्यात लहान आकडा घेतला, सगळ्यात मोठा घेतला, मध्ये "ते" घातलं आणि हात झटकले.

"यादीत के चौदा नाहीये," मी म्हटलं. "तिथला पूल गाड्यांना बंद आहे. तुमच्या 'के अकरा ते के एकोणीस'मध्ये मात्र तो आलाय."

"एका कोडने काय आभाळ कोसळतं, बाई?"

"तिथून कुणी औषध मागवलं तर?"

"मागवेल तेव्हा बघू. तुम्हाला दुधातसुद्धा खडे दिसतात."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली, कारण यादी एका पानात बसली होती. तेही त्याच माळेचे मणी.

त्याच्या वडिलांना इन्सुलिन लागायचं. कोपऱ्यावरचा औषधवाला ते घरी आणून द्यायचा. सलगरावाने त्याला फोन करून बंद करायला लावलं. आता मुलाच्या कंपनीतून येणार! बापाचा कोड याला कुठला पाठ असायला? जुन्या पाकिटावर बघून टाकला. के चौदा. ज्या कोडसाठी मी घसा कोरडा केला होता, तोच. पण माझं बोलणं याच्या डोक्यात शिरलं होतं कुठे? पडद्यावर हिरवी खूण आली आणि स्वारी खूश.

आमची गाडी पुलापर्यंत जायची, परत यायची. मशीन म्हणे, पट्ट्यात आहे, पुन्हा पाठवा. पुन्हा तेच.

वडिलांना दवाखान्यात नेल्याचा त्यांच्या शेजारणीचा फोन कचेरीत आला, तेव्हा याने किल्ली माझ्यापुढे टाकली आणि गाडी मीच चालवली. पुलाशी ती सोडून आम्ही चालत निघालो. "हा कधी बंद झाला?" त्याने विचारलं. मला त्याची किळस आली.

पलीकडच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, "शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?"

"एक तारखेला बोललो तेव्हा बरे होते."

"त्यानंतर?"

उत्तर शेजारणीने दिलं. "दार उघडं टाकून वाट बघत बसायचे हो. औषधवाला आपणहून आला, तर त्यालाही परत पाठवलं. म्हणाले, माझ्या मुलाने स्वतः बनवलंय ते, चुकायचं नाही."

जरा वेळाने म्हाताऱ्याने डोळे किलकिले केले. मुलाला बघून त्याच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं.

"आलं का रे तुझं औषध?"

"आलं, बाबा," सलगराव म्हणाला. "वेळेवर आलं."

बापालाही त्याने हिरवी खूणच दाखवली.