बर्फ न पाहिलेल्यांचा नाताळ

जुन्या कॉमिक्सचा नाद असलेली माणसं एकत्र आली की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आम्ही नांदेडला जमणारे चौघं. चाळिशी ओलांडलेले, ख्रिश्चन एकही नाही, बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलेला. तरी डिसेंबर लागला की लहान मुलांच्या कॉमिक्समधल्या नाताळच्या गोष्टी काढून बसतो. शेवटच्या पानावर सगळे घरी पोचतात, प्रत्येकाला काहीतरी मिळतं. मला ते अजूनही मनापासून आवडतं!

आमचा मिलिंद अहमदपूरचा. लहानपणी चित्रात बघून त्यानं ख्रिसमस ट्री केला. फांदी मिळाली ती बाभळीची. त्यावर पठ्ठ्यानं हौसेनं फुगे बांधायला घेतले. फाट! फाट! फाट!

आई आतून ओरडली, "मिल्या, तुझं झाड लई आवाज करून राहिलं रे!"

हाच मिलिंद आता नाताळचे अंक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. वहिनी येईल त्याला सांगतात, "माझं सोनं ज्वारीच्या डब्यात, अन् ह्यांची कॉमिक्स लॉकरमधी!"

वनिताताई हिमायतनगरच्या. शाळेत असताना त्यांनी गोष्टीतल्यासारखा मोजा खिडकीला टांगला, सांताक्लॉज, म्हणजे आमचा म्हातारबा, त्यात काही टाकून जाईल म्हणून. वडिलांनी गुपचूप त्यात चॉकलेट टाकलं. सकाळी आईनं तो मोजा थेट साबणाच्या पाण्यात बुडवला! ताई अजून म्हणतात, "म्हातारबा आला व्हता हो. आईनं धुऊन टाकला!"

चौथा गंगाधर, नायगावकडचा शेतकरी. म्हातारबा धुराड्यातून उतरतो, हे त्याला कधीच पटलं नाही. "चोरासारखं वरून कशाला? समोरून ये, च्या पी, मग दे काय द्यायचं ते!"

या गंगाधरच्या घरी ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली, आणि त्याच्या वडिलांनी, आबांनी, बोलणंच टाकलं. गोठ्याकडे फिरकेनात. ताट वाढलं की जेवायचे, बस्स. गंगाधर पार खचला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची लेक पिंकी आबांजवळ बसून कॉमिक वाचत होती. बर्फ, म्हातारबा, हरणांची गाडी, जगभर फेरी.

आबा एकदम बोलले, "सोडतो कुठं?"

"काय आबा?"

"जनावरं."

पिंकीनं पानं चाळली. "न्हाई सोडत. पळतच राहतेत."

"अन् वैरण?"

"न्हाई दिसत कुठं."

आबा उठले. गोठ्यात जाऊन गव्हाण झाडली, कडबा टाकला, पाण्याची बादली भरून ठेवली. गंगाधर धावतच आला. "आबा, कोणासाठी हे?"

आबा म्हणाले, "तुझा ट्रॅक्टर बाजूला घे आधी. गाडीला वळायला जागा लागती."