हवालदारांची तीन वर्षं

मी आयुष्यात एकच रहस्यकादंबरी लिहिली. तिच्यातलं रहस्य मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तेव्हा मी मुकुंदवाडीत एका खोलीत एकटा राहत होतो आणि सायकलवरून शहरातल्या शाळेत शिकवायला जात होतो. मुकुंदवाडी त्या काळी शहराबाहेरचं खेडं होतं. शेजारी एक हवालदार राहत. पोलिसातले नव्हेत, फौजेतले. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या सरहद्दीवर लढलेले. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसत. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी भरेपर्यंत माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. लढाईतलं ते फक्त हवामान आणि जेवण सांगत.

एक गोष्ट सगळ्या आळीला माहीत होती. लढाई संपल्यावर बरोबरचे लोक वर्षाच्या आत घरी आले. हवालदार तीन वर्षांनी आले, संस्थान खालसा करणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या थंडीत. त्या थंडीत आमच्या भागात ‘इतके दिवस कुठं होतास?’ असं कोणी कोणाला विचारत नव्हतं, कारण बहुतेकांना उलट प्रश्नाची भीती होती. म्हणून हवालदार सुटले. त्यांची बायको सुटली नाही. तिनं सुरुवातीला विचारलं, उत्तर मिळालं नाही, मग विचारणं सोडलं. त्यानंतर पंधरा वर्षं त्या घरात गरजेपुरतंच बोलणं होतं.

मला त्यात कादंबरी दिसली. एकट्या माणसाला दुसऱ्यांच्या घरात कादंबऱ्या दिसतातच. माझा शिपाई लढाईनंतर तीन वर्षं बेपत्ता होतो, भाऊ त्याचा माग काढत जातो, आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की पाय चिघळलेल्या शिपायाला डोंगरातल्या एका विधवेनं सांभाळलं आणि चालता येऊ लागल्यावर तिनंच घरी पाठवलं. खेड्याचं नाव मी नकाशा न बघताच ठेवलं. सवयी मात्र हवालदारांच्या जशाच्या तशा उचलल्या: भिंतीला पाठ लावून जेवणं, दाराची कडी तीनदा बघणं, भाताला हात न लावणं. त्यांना विचारलं नाही. वाचणार कोण, असं मला वाटलं होतं, आणि एक घर सोडलं तर ते खरंच ठरलं.

प्रकाशन गुलमंडीजवळच्या एका सभागृहात झालं. प्रमुख पाहुणे पाऊण तास शौर्यावर बोलले. कादंबरीत शिपाई एकही गोळी झाडत नाही, पण ते कळायला पुस्तक उघडावं लागलं असतं. मला शाल मिळाली. पाहुण्यांना माझ्यापेक्षा जाड मिळाली. हवालदार शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी एक प्रत मागून घेतली.

त्यांची सून बिडकीनची, सातवी पास. हवालदारीणबाईंना वाचता येत नव्हतं. सून रोज दुपारी एक प्रकरण मोठ्यानं वाची. शेवटचं प्रकरण झालं त्या रविवारी बाई माझ्या दारात आल्या. हवालदार त्यांच्या मागं उभे होते.

“मास्तर, ती बाई अजून हाय का?”

“कोणती?”

“तुमच्या बुकातली. ह्यांना जपलं ती.”

मी सांगितलं, ती बाई खरी नाही, मी रचलेली आहे.

“कडी तीनदा बघत्यात, ते बी रचलं व्हय? भात खात नाय, ते? एवढं सगळं खरं लिवलं, आन् तेवढंच खोटं कशाला लिवाल तुमी?”

शाळेत इतकी वर्षं भूमिती शिकवली, पण इतकी नेटकी सिद्धता मी कोणाकडून ऐकली नव्हती. मी हवालदारांकडे पाहिलं.

“लिवलंय तसंच हाय,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

“मला वाटायचं, मी नको झाले म्हणून आले नायत,” बाई म्हणाल्या. “पंधरा वर्षं माझ्यात काय खोट हाय ते हुडकत बसले, मास्तर. आन् ह्यांचा तर पायच उचलत नव्हता.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्या बाईला एक लुगडं धाडायचंय. पत्ता लिवून द्या.”

“द्या लिवून,” हवालदार म्हणाले.

मी लिहून दिला. माझ्या विधवेचं नाव, माझं खेडं, आसाम. दोन ओळी.

शनिवारी शाळा सुटल्यावर हवालदार आणि मी पोस्टात निघालो. लुगडं पांढऱ्या कापडात शिवलं होतं. वाटेत मी विचारलं, “खरं काय झालं होतं?”

“आता लिवलं ना तुमी? मग झालं.” थोडं चालून ते थांबले. “दोन माणसं एका घरात गप होती. आता बोलाय लागलीत. तुमी मधी कशाला येता?”

पोस्टात त्यांनी टाक मागून घेतला आणि पुडक्यावर वाकले. माझा कागद त्यांच्या खिशातच राहिला. डावा तळवा आडवा धरून ते बराच वेळ लिहीत होते. मी मान लांब करून पाहिलं, हे कबूल करतो. पत्ता पाच ओळींचा होता. खऱ्या पत्त्यांना कुणाच्या तरी मार्फत, कशाच्या तरी मागे, असं काही लागतंच. शेवटचा शब्द आसाम नव्हता, एवढंच दिसलं.

“कोण आहे तिथं?”

“हाय,” हवालदार म्हणाले. “चला.”

घरी बाई फाटकातच उभ्या होत्या. “पोचंल ना, मास्तर?”

“पोचेल,” मी म्हणालो. एवढं मात्र मी त्यांना खरं सांगितलं.

पुडकं परत आलं नाही. हवालदारही माझ्या ओट्यावर पुन्हा आले नाहीत. भांडण नव्हतं, रस्त्यात भेटले की हात वर करत. संध्याकाळी ते आता आपल्याच अंगणात बसत. बाई काहीतरी निवडत असत आणि विचारत, ती काय रांधायची, घर केवढं होतं, तिला लेकरं किती. हवालदार सावकाश, आठवून आठवून सांगत. त्यातलं काहीही माझ्या कादंबरीत नव्हतं. मी ओट्यावर बसून कान देत असे. पण मधे कुडाची भिंत होती, आणि हवालदारांचा आवाज पहिल्यापासूनच बारीक.