सकाळचं औषध

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. शिवणकारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत गाद्या अंथरल्या आणि बघता बघता खोली चिल्ल्यापिल्ल्यांनी भरली. मावशी मायाळू, पण शिस्तीच्या खमक्या. जेवणाआधी साबणाने हात धुतल्याशिवाय कुणाची सुटका नसे. लस चुकलेली कळली, की आईबापांच्या मागे हात धुऊन लागत. आणि ताप आलेलं मूल दारातूनच परत. आजार बाकीच्या पोरांना लागू नये, हा त्यांचा हिशेब.

एके दिवशी ठमीची आई लेकीला सोडून घाईघाईने कामावर गेली. सकाळभर खेळलेली ठमी जेवणाच्या वेळी मलूल होऊन भिंतीला टेकली. काखेत थर्मामीटर लावला तर ताप चांगलाच होता. अशा वेळेसाठी आईने ठेवलेली तापाच्या औषधाची बाटली मावशींनी काढली, मापात औषध ओतलं आणि तिच्या तोंडाशी नेलं.

"सकाळी पण घेतलं," ठमी म्हणाली. "आई म्हणाली, मावशीला सांगू नको."

मावशींचा हात जागीच थांबला. त्यांनी फोन लावला. आईने आधी आढेवेढे घेतले. मग कबूल झाली, की औषध दिलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ताप दबून राहावा म्हणून जरा जास्तच दिलं होतं.

बाकीची पोरं नवऱ्याच्या हवाली करून मावशींनी ठमीला उचललं आणि कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिचं वजन केलं, औषध किती पोटात गेलंय ते विचारलं. या वेळी निभावलं, म्हणाले, पण त्यावर आणखी एक माप गेलं असतं तर यकृतावर बेतलं असतं. आता ते सांगतील तेव्हाच औषध द्यायचं. तोवर अंगावर सैल कपडे आणि घोट घोट पाणी. पोरगी पाणी पिईनाशी झाली, धाप लागली किंवा हाकेला ओ देईना, तर क्षणाचाही उशीर न करता आणायचं.

आई धावत आली तेव्हा मावशी चार शब्द सुनावायला तयारच होत्या. पण आधी तीच बोलली.

"मागच्या वेळी तुम्ही दारातून परत पाठवलंत. माझा खाडा झाला. आणखी एक झाला असता तर घरीच बसवलं असतं मला. मी काय करायचं होतं, मावशी?"

मावशींनी ठमीकडे पाहिलं. ठमी सकाळभर इतर मुलांतच खेळली होती, म्हणजे आजार काही दारात अडला नव्हता. अडलं होतं ते फक्त खरं सांगणं. आणि त्याला आपला धाक कारण होता, हे त्यांना फार लागलं.

त्यांनी मागची खोली रिकामी केली. कणकण असलेलं मूल तिथे वेगळं राहील, नवरा त्याच्यापाशी बसेल. जास्त आजारी असेल तर मात्र आधी डॉक्टर. अट एकच: काय दिलं, किती दिलं, कधी दिलं, ते दारातच सांगायचं. त्यावर कुणी रागावणार नाही.

हे सगळ्यांना पटलं नाही. दोन घरांनी आपली मुलं काढून घेतली. मावशींनी त्यांना दोष दिला नाही. लेकरांची काळजी त्यांनाही होतीच. थंडीत खोकल्याची साथ आली तेव्हा मागची खोली क्वचितच रिकामी राहिली. आपण केलं ते पुरतं बरोबर होतं का, हे मावशींना आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण आया आता दारात थांबून बोलतात.